मशीन चांगलं होतं, कांता

कांता, तुला एक गोष्ट सांगायची राहिली. 'राहिली' हा शब्दही मी सोयीनं वापरतेय. लोकांचं राहून जातं ते वेळ मिळाला नाही म्हणून, गाडी चुकली म्हणून. मला तीसच्या वर वर्षं मिळाली होती. तू माझ्या समोर बसून चहा पीत होतीस, माझ्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होतीस, फोनवर तासतासभर बोलत होतीस, आणि मी दर वेळी भलतंच काहीतरी बोलून वेळ मारून नेली. म्हणून आधी तेच सांगून टाकते, बाकीचं मग. आपली कॅसेट निघाली तेव्हा मशीन खराब नव्हतं. मशीन चांगलं होतं.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी लातुरात, घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहितेय. हातात सवयीनं लाल पेन आलं होतं, ते ठेवून निळं घेतलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय गं उषे, स्वतःचाच पेपर तपासून राहिलीस काय?" तपासायलाच बसलेय बाई. यात पास व्हायची आशा नाही.

आपण नांदेडला डी.एड.ला होतो तेव्हाचं आठवतंय? वसतिगृहाच्या हौदावर मी कपडे धूत गात होते. तेव्हा आवाजाचा काय तोरा माझा! गावातल्या भजनात मला पुढं बसवायचे, त्यामुळं आपल्याइतकं गाणं कुणाला कळत नाही अशी खात्रीच होती. माझी पट्टी उंच. बाकीच्या मुली दोन ओळींत दम टाकायच्या. दम तूही टाकलास, पण गप्प बसली नाहीस. पिळलेला परकर झटकत म्हणालीस, "लई वर जाऊन राहिलीस तू. मला न्हाई झेपत. तू वरून जा, मी खालून येते." आणि आलीस. माझ्या चालीच्या खाली तू तुझी स्वतःची एक चाल धरलीस. ती माझ्या चालीशी जरा फटकून राहायची, मधेच येऊन भेटायची, पुन्हा आपल्या वाटेनं जायची. तुझे वडील, दादा, रेल्वेत गँगमन, आणि संध्याकाळी उमरीतल्या भीमगीतांच्या गायन पार्टीत पुढचे गायक. त्यांच्या मागं कोरसमध्ये बसून तू हे शिकलीस का, असं मी विचारलं तर म्हणालीस, "न्हाई गं, दादा तर ओरडतात. म्हणतात, सगळ्यासंगं गा. मला आपोआप खाली जायला होतं."

एका गाण्याला एकाच वेळी दोन चाली असू शकतात हे आपल्याकडं कुणाला ठाऊक होतं? स्नेहसंमेलनात पहिल्यांदा गायलो तेव्हा मागून एकजण ओरडला, "ती दुसरी बेसूर हाय, तिला बसवा खाली!" संगीताच्या सरांनीही नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की, तुझा आवाज देवानं दिलेला आहे, मैत्रिणीपायी वाया घालवू नको. मी ते तुला हसत हसत सांगितलं. सांगायला नको होतं. पण खरं सांगू? मला बरं वाटलं होतं.

तुझ्या चालीनं मीही गोंधळायचे. गाता गाता तुझ्याकडं घसरायचे. म्हणून मी एक युक्ती काढली. तुझ्या बाजूच्या कानात बोट घालून उभी राहायचे. लोकांना ती ऐट वाटायची. एका कार्यक्रमाच्या फोटोत मी तशीच उभी आहे, कानात बोट, मान वर, आणि तू शेजारी टेबलावर खडूच्या डस्टरनं ठेका धरलायस. डस्टरच्या भुकटीनं तुझे केस पुढून पांढरे झालेत. बाविशीतच तुझी आजी झाली होती.

आपली गाणी कशात बसायची नाहीत. भजन नाही, भावगीत नाही, सिनेमाचं नाही, तुझ्या दादांच्या पार्टीतलंही नाही. मेसमधल्या पातळ वरणावर एक गाणं, एस.टी.तल्या खिडकीच्या जागेवर एक, हातपंपाच्या कुरकुरीवर एक. शब्द मी लिहायचे, तू त्यातले जड शब्द काढून फेकायचीस. "हे कोण बोलतंय? तुझी माय असं बोलती का?" असं विचारायचीस आणि माझी अख्खी ओळ जायची. जोडीच्या नावावरून तर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. पोरींनी आपल्याला एस.टी.च्या पाटीसारखं गावांवरून नाव दिलं. तू म्हणायचीस उमरी-रेणापूर, मी म्हणायचे रेणापूर-उमरी. मागच्या दिवाळीतही फोनवर त्यावरून भांडलो. तुझा मुद्दा बरोबर होता. ठेका आधी सुरू व्हायचा, आणि ठेका तुझा.

मग नोकऱ्या लागल्या. तू उमरीकडच्या शाळेत, मी रेणापूरकडच्या. त्याच सुमाराला उस्मानाबादेतून निघून लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब, आणि प्रत्येक साहेबाच्या भाषणाआधी एक सांस्कृतिक कार्यक्रम. एरवी आपल्याला कुणी विचारलं नसतं. पण कार्यक्रम इतके आणि गाणारे इतके कमी की आपलाही नंबर लागला. एका साहेबानं विचारलं होतं, "आपल्या जिल्ह्यात बायका नाहीत का, नांदेडच्या बाई कशाला?" तू लगेच म्हणालीस, "पाव्हणी म्हणून आलेय साहेब. चहा पाजा, जाते परत." साहेबानं चहा पाजला, वर भजीसुद्धा.

तालीम मात्र अहमदपूरच्या स्टँडवर. तू नांदेडहून यायचीस, मी लातूरहून, आणि दर रविवारी मधल्या त्या स्टँडच्या बाकावर तीन-चार तास आपली तालीम. पेटी मांडीवर घेता यायची नाही म्हणून शेंगदाण्याच्या पोत्यावर ठेवायची. प्रवासी गोळा व्हायचे. एक कंडक्टर मला दर वेळी तळमळीनं सांगायचा, "मॅडम, तेवढं त्या दुसऱ्या मॅडमला सूर धरायला सांगा की." आपण हसून लोळायचो. म्हणजे तू लोळायचीस. मी हसायचे, पण मनात कुठंतरी त्या कंडक्टरचं पटत असायचं.

'हजेरी' हे गाणं त्याच बाकावर झालं. मी तुला बहात्तरच्या दुष्काळातलं सांगत होते. आमचं शेत होतं, विहिरीत थोडं पाणी होतं, मी शाळेत जात राहिले. गुरुजी हजेरी घ्यायचे आणि अर्ध्या वर्गाची नावं तशीच पुढं जायची. ती मुलं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली असायची. गुरुजी प्रत्येक नावाला थोडं थांबायचे. तू ऐकत होतीस. शेंगा सोलायची थांबलीस आणि म्हणालीस, "त्यातली एक मी होते की." तुझी शाळा वेगळी, जिल्हा वेगळा, तरी ते खरंच होतं. दहा वर्षांची तू आईजवळ बसून खडी फोडत होतीस आणि दुपारी कामावर वाटलेली सुकडी खात होतीस. मग गाणं त्याच दुपारी झालं. मी वरून गुरुजी व्हायचं:

हजेरी घ्या हो हजेरी घ्या,
पाटी कुणाची कोरी हाय?

आणि त्याच वेळी, माझ्या ओळीखालून, तू:

मी हाय गुरुजी, मी हाय,
हातात माझ्या खडी हाय.

दोन्ही ओळी एकदम. रेणापूरच्या बाजारात हे गायलो तेव्हा पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून रडल्या. त्या दिवशी तुला कुणी बेसूर म्हणालं नाही. ते मी पाहिलं, आणि मला ते खुपलं.

पुढच्याच उन्हाळ्यात नांदेडच्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं आपल्याला कॅसेटसाठी बोलावलं. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, आणि आपण दोघी घामानं निथळत. तुझा माइक वेगळा, माझा वेगळा. दिवसभरात सहा गाणी झाली. तुला शेवटची गाडी गाठायची होती, दादा आजारी होते. जाताना म्हणालीस, "तू बस, ऐक नीट. तुला जे वाटंल ते कर." तू माझ्यावर सोपवून गेलीस. याच्यापुढचं तुला ठाऊक नाही.

स्टुडिओवाल्यानं माझ्या डोक्यावर ते मोठे हेडफोन चढवले आणि 'हजेरी' लावलं. कांता, मी तुझी चाल तेव्हा पहिल्यांदा ऐकली. दोन्ही कान झाकलेले, एका कानात तू, एका कानात मी. मी जन्मभर स्वतःलाच ऐकत आले होते, पण त्या खोलीत माझा कान माझ्याकडं थांबेना. सारखा तुझ्याकडंच जायला लागला. माझी चाल कुणीही गाऊ शकलं असतं. तुझी दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. हेडफोन काढले तर स्टुडिओवाला म्हणाला, "दोन आवाज भांडून राहिलेत मॅडम. एकच ठेवू का? त्या दुसऱ्या बाईचा कमी करू?" आणि मी म्हणाले, "हो, कमी करा." तो बटण फिरवत गेला. विचारलं, "बस?" मी म्हणाले, "अजून."

हे 'अजून' मी दोनदा म्हणाले.

कॅसेट आली. तू उमरीहून कार्ड टाकलंस. सगळं कार्ड गमतीत लिहिलं होतंस. दादांना कॅसेट ऐकवली, त्यांनी आधी लांबून ऐकली, मग टेपला कान लावून बसले, आणि शेवटी म्हणाले, "पोरी, तू हायेस कुठं ह्याच्यात?" खाली तू लिहिलं होतंस, "मशीन खराब असंल ना गं? का माझाच आवाज माइकला धरत न्हाई?" मी उलट टपाली लिहिलं की मशीनचं काही सांगता येत नाही. 'हो' लिहिलं नाही आणि 'नाही'ही लिहिलं नाही. नेमकं तसंच लिहायचं हे मी चार-पाच कोरे कागद फाडून ठरवलं होतं. त्यानंतर तू दोन-तीन कार्यक्रम केलेस, पण माइकपासून लांब उभी राहायला लागलीस. मग दादा गेले, तुझं लग्न झालं, माझं झालं. जोडी का मोडली असं लोक विचारायचे तेव्हा मी संसाराकडं बोट दाखवायचे.

आणखी एक विचारते, स्वतःलाच. तुझ्या जागी माझ्या भावकीतली, माझ्या जेवणाच्या पंगतीतली मुलगी असती, तर मी 'अजून' म्हणाले असते का? वसतिगृहात मी तुझ्या ताटात जेवले, तुझ्या घरी राहिले, तुझ्या आईच्या हातची अंबाडीची भाजी बोटं चाटून खाल्ली, आणि हे सगळं मी माझ्या चांगुलपणाचा दाखला म्हणून मनात जपून ठेवलं होतं. पण त्या खोलीत माझी खात्री होती की तू तक्रार करणार नाहीस. ही खात्री कुठून आली होती, ते मला ठाऊक आहे. तुलाही ठाऊक असणार. तू कधी बोलली नाहीस, आणि त्यावर मी निभावून नेलं.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नाही, पाहुण्यांना लोक फोनवरच सांगायचे, येऊ नका. अशात आपल्या बॅचच्या निलंग्याच्या शमीमनं ठरवलं की जुन्या मैत्रिणींनी लातुरात जमायचंच. "पानी नै तो क्या हुआ, आपन तो हैं," असं म्हणाली, आणि बाहेरगावच्या प्रत्येकीनं साडीचोळी न आणता पाण्याचा कॅन आणायचा असा हुकूम काढला. तू एस.टी.तून दोन कॅन घेऊन आलीस, माझ्या दारात ठेवलेस आणि म्हणालीस, "घे, माहेरचा आहेर." एवढ्या पाण्यात मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर भांडी घासली. तू ओट्याशी उभी राहून माझ्यावर हसत होतीस.

शमीमनं आपल्या दोघींचं गाणं ठेवलं होतं. तू ऐकायलाच तयार नाहीस. "मी न्हाई बाई. माझा आवाज माइकला धरत न्हाई, तुला तर म्हाईत हाय. तू म्हण, मी खाली बसून टाळ्या वाजवते." मी पाठमोरी होते, हात साबणात. कांता, तेव्हा फक्त वळायचं होतं. मी वळले आणि म्हणाले, "अगं, आता माइक लई चांगले आलेत." तुझा चेहरा उजळला. "हाव?" असं लहान पोरीसारखं विचारलंस. मी म्हणाले, "हाव."

तू गायलीस. चोपन्न वर्षांची तू, चष्मा सावरत, टेबलावर डस्टर आपटत. मी कानात बोट घातलं, जुनी सवय. गाणं संपलं तर हॉल उभा राहिला होता. एकीची कॉलेजात जाणारी मुलगी पळत तुझ्याकडं आली, माझ्याकडं नाही, आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही हार्मनी कुठं शिकलात?" तू मला विचारलंस, ती काय म्हणून राहिली? मी सांगितलं, तू जे गातेस त्याला नाव आहे. तू कितीतरी वेळ तो शब्द तोंडात घोळवत राहिलीस. जाताना रिक्षात बसलीस आणि मान बाहेर काढून म्हणालीस, "म्हणजे तवाचं मशीनच खराब होतं बघ उषे. मी उगंच इतकी वर्षं स्वतःला नावं ठेवत बसले." मी म्हणाले, "हो ना." तू केवढ्या आनंदात गेलीस. मला त्या दिवशी वाटलं, चला, फिटलं. खोट्यानंच, पण तुझ्या मनातलं गेलं.

फिटलं कुठलं! दहा-बारा दिवसांनी तुझा फोन. "पुन्हा करू गं सगळी गाणी. प्रज्ञानं स्टुडिओ बघितलाय, नवं मशीन हाय." प्रज्ञा म्हणजे तुझी मुलगी, तिचा उत्साह तुझ्याहून दांडगा. पुन्हा ते हेडफोन, पुन्हा दोन कानांत दोघी, आणि समोर तू. मी बहाणे केले. आधी गुडघा, मग सुनेचं बाळंतपण, मग नातवाच्या परीक्षा, मग कोरोनाची साथ आली तेव्हा तर आयतंच कारण मिळालं. तू दर वेळी म्हणायचीस, "असू दे, पुढच्या महिन्यात." एकदा तेवढं म्हणालीस, "तुला गायचं न्हाई का माझ्यासंगं?" मी चिडले. इतकी चिडले की तुलाच माफी मागायला लावली. दुसऱ्या कुणी बाईनं असं केल्याचं ऐकलं असतं, तर मी तिचं तोंड पाहिलं नसतं.

ती बाई मीच आहे, आणि तुझा आवाज कुठंच नाही. शमीमच्या कार्यक्रमात कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, त्यात सगळा जनरेटरचा आवाज आहे. कॅसेटमध्ये तू लांबच्या खोलीत कुणी बोलावं इतकीच ऐकू येतेस. तू गेल्यावर मी ती काढून चार वेळा ऐकली. स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. स्टुडिओवाल्याच्या घरच्यांनी सांगितलं की मूळ टेपांवर नंतर लग्नाची गाणी भरली.

परवा नांदेडला तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झालं, तुझे भाऊ बोलले, शाळेतले लोक बोलले. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या होत्या. मग प्रज्ञानं माइक माझ्या हातात दिला. "मावशी, 'हजेरी' म्हणा. आईसाठी." मी बसमध्येच ठरवलं होतं, म्हणायचं तर तुझं म्हणायचं. आणि म्हणून झालं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. मी सुरू केलं: "मी हाय गुरुजी, मी हाय." शब्द बरोबर आले, चाल माझी आली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मी वरच गेले. तिसऱ्यांदा डोळे मिटून अगदी खालून घेतलं, तर दोन शब्दांनंतर काहीच पुढं येईना. मला ती चाल येतच नव्हती कांता. एकदा ऐकली होती, त्या खोलीत, आणि तीच कमी करायला सांगितली होती. लोकांना वाटलं माझा गळा दाटलाय. एका आजींनी पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवला, "रडू नका बाई, रडू नका." मी रडत नव्हते. पण कुणी रडतेय समजतंय तर समजू दे, म्हणून पाणी पिऊन खाली बसले. सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

प्रज्ञा मला स्टँडवर सोडायला आली. मी खिडकीत बसले, ती खाली उभी. म्हणाली, "मावशी, लहानपणी मी आईला म्हणायचे, मला 'हजेरी' शिकव. तिनं मला तुमचं शिकवलं, वरचं. मी म्हणलं तुझं शिकव, तर म्हणली, माझं शिकून काय करतीस, ते कुणाला ऐकू येत न्हाई." मग तिनं मोबाइल काढून खिडकीशी धरला. "तिचं कसं होतं, मावशी? मघाशी तुम्हाला भरून आलं. आता थोडंसं तरी म्हणा. माझ्यापाशी काहीच न्हाई."

ड्रायव्हर गाडीत चढला होता. तिचा हात वर होता आणि डोळे तुझे होते. 'मला येत नाही' एवढे तीन शब्द म्हणायचे होते. मी गायले. सुचेल ते, खालच्या आवाजात, तुझे शब्द घालून, मनानं एक चाल बनवून. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "हेच," ती म्हणाली, "हेच ते. स्वयंपाक करताना हेच गुणगुणायची." गाडी सुटली आणि मी हात हलवला.

आज सकाळी तिचा निरोप आला आहे. तिनं ते घरातल्या स्पीकरला लावलंय. लिहिते, "मावशी, आवाज पूर्ण मोठा करून ऐकतेय. आई इतकी मोठी कधीच ऐकू आली नव्हती."

हे कागद मी पोस्टात टाकणार नाही. टाकायचे म्हटलं तर टाकेन-टाकेन करत ठेवून देईन, मी मला ओळखते. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला जाते आणि तिच्या हातात देते. तिनं दार लावून घेतलं तर तेही बरोबर आहे. तिला एवढं कळू दे, की त्या मोबाइलमध्ये तिची आई नाही. तिथंही मीच आहे.